बोलायला लागते तेवढी हवा

उशीर होण्याची तिला इतकी धास्ती, की मुलाखतीला ती वेळेच्या बरीच आधी जाऊन उभी राहिली. बंदराच्या जुन्या धक्क्यावर, पाण्याखालची दुरुस्ती करणाऱ्या त्या टोळीचं ऑफिस म्हणजे निळ्या पत्र्याचा एक कंटेनर. आत कुणीच नव्हतं. बाहेर कडेला एक टक्कल पडलेले, जाडजूड गृहस्थ पाण्यात गेलेली दोरी दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि त्यांच्या पायाशी ठेवलेल्या खोक्यातून कुणाचातरी श्वास ऐकू येत होता. खोल... मग बुडबुड्यांची गडगड... मग पुन्हा खोल.

"फोनवाल्या तुम्हीच ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "लाइनवर बसणारे आमचे काका आज पाठ धरून घरी बसलेत. हे कानाला लावा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. तो खाली काय म्हणतोय ते मला सांगा. मला एका वेळी दोरी सांभाळता येते, नाहीतर त्याची बडबड."

तिनं हेडफोन चढवला, तर एक तरुण आवाज थेट कानात आला. शेजारी बसून बोलावं इतका जवळ.

"काका, त्या मुलाखतीच्या बाई आल्या का? मास्तर पहिल्याच दिवशी रडवणार बघा त्यांना."

तिनं बटण दाबलं. "आल्यात. अजून रडल्या नाहीत."

खालचा श्वास मध्येच अडला. मग हसू आलं, घागरीत तोंड घालून कुणी हसावं तसं.

"माफ करा... मला वाटलं, काका आहेत."

"मास्तर विचारतायत, काम कुठवर आलं."

"काम ठीक चाललंय. आणि तुमचा आवाज छान आहे. दोन्ही कळवा त्यांना."

तिनं दोरीवाल्या मास्तरांना पहिलंच कळवलं. कान मात्र गरम झाले, आणि ते हेडफोनच्या गादीमुळे झाले, असं तिनं स्वतःला समजावलं.

जरा वेळानं तो शिडीवरून वर आला. मास्कचे पट्टे सोडवून त्यानं चेहरा मोकळा केला. दाट दाढी, तिच्यातून निथळणारं पाणी आणि कपाळावर मास्कचा लाल वळ.

"म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

नोकरी तिला तिथल्या तिथे मिळाली. याआधी ती रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये होती. फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, गाडी पोचेपर्यंत माणसाला बोलतं ठेवायचं. एकदा एकट्या राहणाऱ्या एका आजोबांना तिनं असंच बोलतं ठेवलं होतं. ते आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल सांगत होते आणि सांगता सांगता वाक्य अर्धवट राहिलं. फोन चालूच होता. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, ते मात्र ऐकू येत नव्हते. तुझी काही चूक नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. तरी त्यानंतर लाइनवर जराशी शांतता पसरली की ती 'हॅलो, हॅलो' करत सुटायची. शेवटी तिनं ते काम सोडलं. आणि नशीब बघा, दुसरं मिळालं तेही माणसाचा श्वास ऐकण्याचंच.

टोळीत सगळे त्या दाढीवाल्याला हवाखाऊ म्हणत. तोच मास्क, तशीच टाकी घेऊन लंबू उतरायचा. लंबू म्हणजे दुसरा पाणबुड्या, ताडासारखा उंच आणि दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. त्याची टाकी संपता संपायची नाही. हवाखाऊ मात्र अर्धं काम टाकून वर यायचा, कारण टाकीतल्या हवेचा काटा पन्नासवर आला की वर यायचंच, हा मास्तरांचा नियम.

मास्तरांनी तिला कारण समजावून सांगितलं होतं. साध्या मास्कमध्ये हवेची नळी दातांत धरावी लागते, तोंड आपोआप बंद राहतं. हा मास्क पूर्ण चेहऱ्यावर बसतो. नाक मोकळं, तोंड मोकळं, बोलता येतं, घाण पाणी चेहऱ्याला लागत नाही. सोय मोठी, पण माणूस विसरतो की आपण पाठीवर मोजकी हवा घेऊन आलोय. तो नाकानं घेतो, तोंडानं घेतो, उसासे टाकतो आणि बोलत सुटतो.

"बोललं की हवा जाते," मास्तर म्हणाले. "घाबरलं की त्याहून जास्त. आणि मास्क नीट बसला नाही, तर बोलायची आणि घाबरायचीही गरज नाही."

हे शेवटचं तिच्या डोक्यात राहिलं. हवाखाऊच्या लाइनवर श्वास घेताना, सोडताना आणि मधल्या थांबण्यातही एक बारीकशी सुंऽऽ ऐकू यायची. लंबूच्या लाइनवर ती नव्हती. तीन-चार दिवस तिनं कान देऊन ऐकलं. मग एका दुपारी, कंटेनरच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत असताना, ती त्याला म्हणाली, "तुमची दाढी हवा खाते."

तो चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. "काय?"

"मास्कची रबरी कड केसांवर बसते. फटीतून पाणी आत येत नाही, कारण आत दाब जास्त आहे. पण हवा बाहेर जात राहते. मला ऐकू येतं."

"तुम्हाला माझी दाढी ऐकू येते?"

"येते."

त्यानं दाढीवरून हात फिरवला. "माझी बहीण कधीची मागे लागलीय, काढ ती दाढी म्हणून. तिचं ऐकलं नाही मी."

"मग माझंही ऐकू नका."

दुसऱ्या दिवशी तो आला तो गुळगुळीत होऊन. वरचा चेहरा उन्हानं रापलेला, खालचा गोरा. एकाच माणसाला दोन माणसांचे तुकडे जोडल्यासारखा. त्यामुळे तो एकदम लहान आणि बिचारा दिसत होता.

"हसायचं नाही."

"नाही हसले."

"डोळ्यांनी हसताय."

त्या दिवशी त्याची टाकी बरीच जास्त पुरली. पण ती वाचलेली हवा तो लगेच बोलण्यात उडवायला लागला. खाली एक खेकडा मास्तरांसारखा चालतोय. पाणी आज भाजी धुतलेल्या पातेल्यासारखं आहे. तुम्ही दुपारी डबा उघडता तेव्हा आधी वास घेता, मग हसता, ते का? ती उत्तरं द्यायची, मध्येच "काटा?" असं विचारायची, तो आकडा सांगायचा, आणि आकडा उतरत गेला की तिची बोटं बटणावर घट्ट व्हायची. त्याचा श्वास दिवसभर तिच्या कानात असायचा. घरी गेल्यावर तो ऐकू येत नाही, म्हणून तिला करमायचं नाही.

तिची आई घरच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. मशीनच्या सुईखालून पँटची शिवण काढता काढता आई म्हणाली, "जेवताना रोज त्याचाच विषय असतो."

"कामाचा विषय असतो, आई."

"हो का? मग त्या लंबूचं काय चाललंय? त्याचा विषय कधी निघत नाही."

ती ताट उचलून आत गेली.

मग मोठं काम आलं. लांब जेट्टीच्या खालचे सगळे खांब तपासायचे होते. अंधारं पाणी, खांबांची गर्दी, आणि मधेच वर यायला जागा नाही; कडेपर्यंत पोहत यायचं, मग वर. मास्तरांनी तिला बाजूला घेतलं.

"हवाखाऊला या कामावर ठेवायचं की नाही, हे मला ठरवायचंय. तिथं अर्ध्यात वर येणारा माणूस मला परवडत नाही. तुम्ही त्याच्याशी बोलता, म्हणून तो बोलतो. आजपासून लाइनवर कामापुरतंच."

"मी त्यांना सांगते तसं."

"मुळीच नाही. नोकरीवर बेतलंय असं कळलं की टेन्शन घेईल आणि दुप्पट हवा खाईल. तुम्ही फक्त गप्प बसा."

ती गप्प बसली. तो विचारायचा, "आज डब्यात काय?" ती म्हणायची, "काटा?" तो खेकड्याची गोष्ट सुरू करायचा. ती म्हणायची, "पुढचा खांब." हळूहळू त्याच्या गोष्टी आखूड झाल्या. मग थांबल्या. टाकी आता लंबूच्या बरोबरीनं पुरायला लागली, मास्तर खूश होते, आणि तिला रोज वाटायचं की आपण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबून बसलोय.

एका संध्याकाळी दोऱ्या गुंडाळताना त्यानं विचारलंच. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग... तुम्ही बोलत नाही."

तिच्या जिभेवर आलं होतं. ती हातातल्या दोरीकडे बघत म्हणाली, "काम आहे. काम करू या." तो मान हलवून गेला. पाठमोरा गेला तेव्हा त्याचे खांदे नेहमीपेक्षा खाली आलेले तिला दिसले, आणि रात्रभर तेच दिसत राहिले.

लांब जेट्टीवर काम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळ होती, ऊन चांगलं पडलं होतं. तो खांबांच्या आतल्या रांगेत होता. कानात त्याचा संथ श्वास येत होता आणि ती शेजारी उभ्या असलेल्या लंबूला खांबाचा आकडा वहीत लिही म्हणून खुणावत होती, तेवढ्यात श्वास बदलला.

"थांबा... मागे काहीतरी धरलंय."

"काय धरलंय?"

"जाळं. जुनं जाळं आहे खांबाला. टाकीच्या वरच्या टोकाला अडकलंय. हात पोचत नाही." मग धडपड, दमलेले आवाज, भराभर बुडबुडे. "सुरी... सुरी पडली हातातून."

मास्तर दोरी ओढून बघत होते. दोरीही कुठेतरी खांबाला वेढा घालून बसली होती. वरचा झटका खाली पोचत नव्हता. लंबू न सांगता टाकी पाठीवर चढवू लागला. मास्तरांनी त्याच्या कमरेला जादा टाकी अडकवली. बोलण्याची तार असलेली दोरी एकच होती, त्यामुळे तो साध्या दोरीवर उतरणार होता. गढूळ पाण्यात हातानं चाचपत त्याला आतल्या रांगेपर्यंत जायचं होतं.

"काटा?" तिनं विचारलं.

"ऐंशी." धाप. "सत्तर होईल आता. ऐका, मी जोरात ओढून—"

"ओढू नकोस," ती म्हणाली. "एकदम स्थिर राहा. लंबू निघालाय. आता तू बोलायचं नाहीस. ऐकू आलं असेल तर मास्कवर बोटानं एकदा वाजव. नाही म्हणायचं असेल तर दोनदा."

जरा वेळ फक्त धाप. मग, टप.

"छान. हळू आत घे. मी म्हणेपर्यंत सोडू... नाही, धरून ठेवायचा नाही. हळू घे, हळू सोड. माझ्याबरोबर." आणि ती स्वतः बटण दाबून श्वास घ्यायला लागली, त्याला ऐकू जाईल असा. मास्तर पाण्यावरच्या लंबूच्या बुडबुड्यांकडे बघत होते. बुडबुडे फार सावकाश पुढे सरकत होते.

त्याचा श्वास थोडा उतरला. मग पुन्हा वाढला.

"ऐका," तो म्हणाला. "एक सांगायचं राहिलंय. कदाचित... नंतर—"

"आता नाही."

"फक्त एकच—"

"एकही नाही. बोलू नकोस."

तो थांबला. पण श्वास थांबून थांबून, हुंदक्यासारखा येऊ लागला. जे बोलायचं राहिलं होतं ते छातीत अडकून हवा खात होतं, हे तिला स्पष्ट ऐकू आलं. काटा विचारायची तिला हिंमत झाली नाही. विचारलं तर त्याला बोलावं लागलं असतं.

तिनं बटण दाबलं. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

"माझ्याकडे इथे हवा भरपूर आहे. मी बोलते, तू ऐक. तुला काय सांगायचंय ते मला कळलंय. बरेच दिवस कळलंय. माझंही तेच आहे. मी गप्प होते ती तुझी हवा वाचावी म्हणून, रागावून नाही. घरी गेले की तुझा श्वास ऐकू येत नाही म्हणून मला झोप लागत नाही. आई रोज तुझ्यावरून चिडवते. तुझा खेकडाही मला आवडतो." तिचा आवाज फाटला, तिनं तो सावरला. "मी बरोबर ओळखलं असेल तर एकदा वाजव. आणि मग फक्त श्वास घे."

काही नाही. काही नाही. मग...

टप.

आणि त्यानंतर एक लांब, खोल, शांत श्वास आला. त्यामागून दुसरा.

ती बोलत राहिली. ऊन पडलंय. लंबूचे बुडबुडे आतल्या रांगेपर्यंत गेलेत. आता तो तुझ्या खांद्याला हात लावेल, दचकू नकोस. मग तो तुला दुसऱ्या टाकीची नळी देईल. शिकवलंय तसं करायचं. एक श्वास, मास्क वर, नळी दातांत. पाणी डोळ्यांत जाईल, जाऊ दे. जाळं लंबू कापेल.

खाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला. टप, टप, टप, असं घाईघाईत वाजलं; लंबू पोचला होता. मग तिच्या कानात एकदम धबधबा फुटला. चेहऱ्यावरून निघालेला मास्क टाकीतली उरलीसुरली हवा भसाभसा ओकत होता. तो आवाज बारीक झाला, फुसफुसला आणि बंद पडला.

लाइनवर शांतता.

तिला ठाऊक होतं की असंच व्हायचं. मास्क निघाला म्हणजे माइकही निघाला. आता त्याच्या तोंडात नळी आहे, तो बोलू शकत नाही, ऐकूही शकत नाही. सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती बटण दाबून 'ऐकू येतंय का?' विचारत राहिली. तिनं हेडफोन काढला नाही. कुठल्याशा भिंतीवरचं घड्याळ पुन्हा ऐकू येईल, असं वाटत राहिलं. मास्तर काहीतरी म्हणाले, ते तिला कळलं नाही.

"अहो," मास्तरांनी तिचा दंड धरला. "तिकडे बघा. बुडबुडे मोजा... दोघांचे आहेत."

जेट्टीच्या कडेला पाणी दोन ठिकाणी उकळल्यासारखं झालं. आधी लंबूचं डोकं आलं, मग दुसरं, डोळे मिटलेलं, नळी दातांत गच्च धरलेलं.

त्याला वर घेतल्यावर तो ब्लँकेटमध्ये गुंडाळून शिडीजवळ बसला. दात वाजत होते. ती समोर उभी राहिली; जवळ बसावं की नाही हेच तिला उमजेना.

"खोक्याचा आवाज बाहेर चालू होता," लंबू ओले हातमोजे पिळत म्हणाला. "मास्तरांनी सगळं ऐकलं. मलाही कळलं." आणि तो कंटेनरकडे निघून गेला.

हवाखाऊनं मान वर केली. "आता वर आलोय. पुन्हा 'तुम्ही' म्हणणार का?"

तिला तोवर लक्षातच आलं नव्हतं. "कधी झालं ते?"

"ओढू नकोस, म्हणालीस तेव्हा." तो हसायचा प्रयत्न करत होता, ओठ ऐकत नव्हते. "मला बोलायचं होतं ते तू बोलून टाकलंस. मला नुसतं टपटप करावं लागलं. हे काही बरं नाही."

"मग आता बोल. भरपूर हवा आहे."

तो तोंड उघडून तसाच राहिला. पाण्याखाली दिवसभर बोलणारा माणूस, आणि उघड्या हवेत शब्द फुटेना. मग त्यानं ब्लँकेटमधून हात बाहेर काढला. तो गार, सुरकुतलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला, आणि ती एकदाची त्याच्याशेजारी बसली.

"माझ्या बहिणीला भेटायला येशील?" तो म्हणाला.

"आधी तू माझ्या आईकडे. तिला आता धीर नाही."

मास्तर आले ते थेट मुद्द्यावर. तिनं आज माणूस वाचवला, हे ते आधी म्हणाले. मग म्हणाले, "पण याच्या लाइनवर तुम्ही यापुढे नाही. तुमचा हात कसा थरथरत होता ते मी पाहिलंय. आज सावरलात, दर वेळी सावरालच असं नाही. दुसरा तारेचा संच मागवतोय. याला काका सांभाळतील, तुम्ही लंबूला."

ती वाद घालणार नव्हती. तिला हलकंही वाटलं आणि काहीतरी काढून घेतल्यासारखंही वाटलं.

"म्हणजे खाली असताना तू मला ऐकू येणार नाहीस," मास्तर गेल्यावर ती त्याला म्हणाली. "मला धास्ती वाटतच राहणार. ती काही जायची नाही, आधीच सांगते."

"मग मी काय करू?"

"वर आलास की आधी मला सांगायचं. टाकी उतरवायच्या आधी. मास्तरांच्याही आधी."

"बरं."

पुढच्या आठवड्यात दोघेही पाणबुडे एकाच वेळी खाली होते. तिच्या कानात लंबूचा श्वास होता, झोपलेल्या माणसासारखा संथ. पलीकडे काका दुसरा हेडफोन लावून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळत नव्हतं. मध्येच ते हसले. तिनं विचारलं नाही. जेट्टीच्या कडेला कुठे बुडबुडे दिसतात का, ते ती मान न वळवता बघत राहिली. ऊन पायांवरून सरकत गेलं, काकांनी एकदा बैठक बदलली, एकदा चष्मा पुसला.

मग शिडी वाजली. तो वर चढला, मास्कचे पट्टे ओढून चेहरा मोकळा केला, आणि पाठीवरच्या टाकीच्या ओझ्यानं वाकलेला, अंगावरून पाणी निथळत, मास्तरांना ओलांडून सरळ तिच्यापर्यंत आला.

"आलो," तो म्हणाला.